स्विंग संगीताची शाळा

शाळेचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात कोनशिलेची तारीख येते, मुख्याध्यापकांची परंपरा येते, शालान्त परीक्षेचे निकाल आणि देणगीदारांची नामावलीही येते. संगीताच्या खोलीला त्यात फार तर स्नेहसंमेलनाच्या वृत्तान्तातील एखादे वाक्य मिळते. उलट संगीताचा इतिहास लिहिणारे शाळेकडे ढुंकून पाहत नाहीत. कलावंत हा उपजतच असतो आणि त्याचे शिक्षण जगाच्या शाळेत होते, ही कल्पना त्यांना अधिक प्रिय असते. अमेरिकेतील जॅझ संगीताविषयी तर ही समजूत फारच घट्ट रुजलेली आहे. न्यू ऑर्लिन्सचे रस्ते, शिकागोची मद्यगृहे, न्यूयॉर्कचे नृत्यगार आणि तेथे कोणाकडूनही न शिकता आपोआप फुलणारी प्रतिभा, असे ते चित्र आहे. ते खोटे नाही, परंतु निम्मेच आहे. राहिलेले निम्मे चित्र शाळेतील बँडच्या खोलीत पाहावे लागते.

या समजुतीचा आधारस्तंभ म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. १९०१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अत्यंत दरिद्री वस्तीत जन्मलेल्या या मुलाने १९१२ सालच्या अखेरच्या रात्री, नववर्षाच्या जल्लोषात पिस्तुलाचा बार काढला आणि पोलिसांनी त्याला पकडून कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठवले. तेथे पीटर डेव्हिस नावाचे संगीतशिक्षक होते. या दंगेखोर मुलाविषयी त्यांचे मत आरंभी चांगले नव्हते. त्यांनी त्याच्या हाती प्रथम टॅम्बरिन दिली, मग बिगुल आणि शेवटी कॉर्नेट. १९१४ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा सुधारगृहाच्या बँडचा प्रमुख झालेला होता. विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी जॅझवादकाचे पहिले पद्धतशीर शिक्षण अशा रीतीने सरकारी शिस्तीच्या चार भिंतींत झाले. १९३१ मध्ये, कीर्ती मिळाल्यावर, तो आपल्या गावी परतला तेव्हा त्या सुधारगृहाला भेट द्यायला विसरला नाही.

आर्मस्ट्राँगचे उदाहरण अपवादात्मक म्हणून सोडून देता येईल. स्विंगचे मात्र तसे नाही. क्रिकेटमुळे आपल्याकडे हा शब्द वेगळ्याच अर्थाने घरोघरी पोहोचला आहे. येथे त्याचा अर्थ झोका, डौल असा घ्यायचा. साधारण १९३५ ते १९४५ या दशकात अमेरिकेचे सर्वांत लोकप्रिय नृत्यसंगीत ठरलेला हा जॅझचा अवतार मोठ्या वाद्यवृंदाचा होता. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे तीन ताफे, त्यांच्या मागे पियानो, गिटार, डबल बेस आणि ड्रम यांची ठेका सांभाळणारी चौकडी, असे बारा ते सोळा वादक एकत्र बसत. एका ताफ्याने एखादा छोटा स्वरसमूह उच्चारावा आणि दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे, कीर्तनकाराने ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी उचलावी तसे, आणि या उचलाउचलीतून एकट्या वादकाला उपज करायला मोकळी जागा मिळावी, ही त्याची रचना. चार मात्रांच्या आवर्तनात लष्करी बँड ज्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जोर देतो त्या सोडून येथे टाळी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडते. एका मात्रेचे दोन भाग कागदावर सारखे लिहिलेले असतात. वाजवताना पहिला लांबतो आणि दुसरा आखडतो. किती लांबवायचा, याचा ठरावीक हिशेब नाही. लय वाढली की तो बदलतो. भजनी ठेका ज्याच्या कानात मुरला आहे त्याला हे चटकन कळेल, पण लिहून दाखव म्हटले तर तोही अडेल.

स्विंगमधील खरी अडचण येथेच आहे. सोळा माणसांनी एका श्वासात वाजवायचे तर नोटेशन वाचता आलेच पाहिजे, आणि अस्खलित वाचता आले पाहिजे. पण जे वाचले त्यात स्विंग नसतो. पहिली गोष्ट शिकवल्याशिवाय येत नाही. दुसरी शिकवून येते की नाही, याबद्दल वाद आहे. १९२० च्या आणि १९३० च्या दशकांत पहिली गोष्ट गरीब कृष्णवर्णीय मुलांना कोणी शिकवली, या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ सर्वत्र एकच येते. ती त्यांच्या शाळेने शिकवली.

टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे मॅनासस हायस्कूल नावाची कृष्णवर्णीयांसाठीची शाळा होती. जिमी लन्सफर्ड हा फिस्क विद्यापीठाचा पदवीधर तेथे व्यायामशिक्षक म्हणून लागला. मैदानावरचे काम सांभाळून त्याने मुलांचा एक बँड उभा केला आणि १९२७ पासून तो ‘चिकसॉ सिंकोपेटर्स’ या नावाने वाजू लागला. मोझेस ॲलन हा बेसवादक आणि जिमी क्रॉफर्ड हा ड्रमवादक ही दोन्ही याच शाळेतील मुले. शिक्षकाने विद्यार्थ्यांना एखादा कार्यक्रम बसवून द्यावा, तो संपावा आणि सगळ्यांनी आपापल्या वाटेने जावे, हा शालेय जीवनाचा नेम. येथे तसे झाले नाही. १९२९ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी मिळून व्यावसायिक झाले; लन्सफर्डच्या फिस्कमधील काही सहाध्यायांनीही त्यांना साथ दिली. हलाखीची काही वर्षे काढल्यावर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या विख्यात कॉटन क्लबमध्ये, जेथे यापूर्वी ड्यूक एलिंग्टन आणि कॅब कॅलोवे यांचे वाद्यवृंद वाजले होते, तेथे मेम्फिसच्या या शाळेतून निघालेला बँड बसला. एलिंग्टन आणि काउंट बेसी यांच्या जोडीने ज्याचे नाव घेतले जाते तो जिमी लन्सफर्ड ऑर्केस्ट्रा तो हाच.

त्याच्या ध्वनिमुद्रिका आज ऐकल्या तरी शाळेची छाप जाणवते. ताफ्यांचे एकत्र थांबणे आणि एकत्र उठणे इतके नेटके आहे की त्यामागे कवायत घेणारा माणूस असल्याचे लपत नाही. लन्सफर्ड स्वतः अनेक वाद्ये वाजवू शकत असे, पण बँडसमोर तो बहुधा हाती लांब छडी घेऊन केवळ संचालनासाठी उभा राही. आणखी एक योगायोग असा की लन्सफर्ड स्वतः डेन्व्हरच्या शाळांमध्ये विल्बरफोर्स व्हाइटमन या संगीतशिक्षकांच्या हाताखाली शिकला होता. या व्हाइटमन गुरुजींचा मुलगा पॉल व्हाइटमन. गोऱ्या अमेरिकेने १९२० च्या दशकात ‘जॅझचा राजा’ म्हणून ज्याला डोक्यावर घेतले तो हाच. एका शिक्षकाने एक मुलगा घरी आणि दुसरा शाळेत घडवला. मान-मरातब आणि पैसा कोणाच्या वाट्याला किती आला, हे मात्र गुणांवर ठरले नाही.

अलाबामातील बर्मिंगहॅम हे लोखंडाच्या भट्ट्यांचे गाव. तेथील इंडस्ट्रियल हायस्कूलमध्ये जॉन व्हॅटली हे मुद्रणकलेचे शिक्षक होते. मुलांना खिळे जुळवायला शिकवणे हे त्यांचे नेमलेले काम. बँड हे त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेले. ‘प्रोफेसर’ या शब्दाचे मुलांनी ‘फेस’ करून टाकले आणि फेस व्हॅटली या नावानेच ते ओळखले जाऊ लागले. जुळाऱ्याच्या हातून एक खिळा उलटा बसला तर सारी ओळ बिघडते. व्हॅटलींनी संगीताच्या खोलीतही हाच न्याय लावला. वेळ पाळणे, स्वच्छ पोशाख आणि कागदावर आहे ते आणि तेवढेच वाजवणे, ही त्यांची त्रिसूत्री. उपज करण्याला त्यांच्या वर्गात फारसे उत्तेजन नव्हते. तरीही, की त्यामुळेच, व्हॅटलींचा विद्यार्थी म्हटला की वाद्यवृंदांचे चालक पारख न करता घेत, अशी त्यांची ख्याती झाली. कारण तो वाचू शकतो आणि वेळेवर येतो, ही खात्री.

या शाळेत शिकलेला अर्स्किन हॉकिन्स हा ट्रम्पेटवादक पुढे अलाबामा स्टेट या शिक्षक-महाविद्यालयात गेला. मंदीने महाविद्यालयाची तिजोरी रिकामी केली होती. तेथील विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद संस्थेसाठी पैसे मिळवत फिरे. १९३४ मध्ये ही मुले न्यूयॉर्कला पोहोचली आणि पुढे अर्स्किन हॉकिन्स ऑर्केस्ट्रा म्हणून तेथेच स्थिरावली. त्यांनी १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘टक्सीडो जंक्शन’ ही रचना पुढच्याच वर्षी ग्लेन मिलरच्या गोऱ्या वाद्यवृंदाने उचलली आणि ती जगभर गेली. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या आठवणींत ती मिलरच्या नावाने राहिली. टक्सीडो जंक्शन म्हणजे बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतील ट्रामचा एक सांधा, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्याला पुढे ‘सन रा’ म्हणून जग ओळखू लागले तो हर्मन ब्लाउंट हाही व्हॅटलींच्याच तालमीतला. तो आपण शनी ग्रहावरून आल्याचे सांगत असे. शिस्तीच्या वर्गातून एकाच साच्याची मुले निघतात, असे म्हणणाऱ्यांनी या एका नावाचा विचार करावा.

काउंट बेसीच्या वाद्यवृंदाची चौकडी ही स्विंगच्या लयीचा मानदंड समजली जाते. पियानोवर बेसी, ड्रमवर जो जोन्स, बेसवर वॉल्टर पेज आणि गिटारवर फ्रेडी ग्रीन. यांपैकी पेज हा कॅन्सस सिटीच्या लिंकन हायस्कूलचा विद्यार्थी. तेथे मेजर एन. क्लार्क स्मिथ हे लष्करी बाण्याचे बँडमास्तर होते. मोठा ढोल वाजवणाऱ्या पेजच्या हाती डबल बेस आला तो या मेजरसाहेबांच्या आज्ञेने, कारण त्यांना बेसवादक हवा होता. शाळेत वाद्ये अशीच वाटली जातात. आवड नंतर येते. प्रत्येक मात्रेवर एक स्वर टाकत शांतपणे चालत राहणारा जो बेस पुढे साऱ्या जॅझचा कणा झाला, तो रूढ करण्यात पेजचा वाटा फार मोठा आहे. ग्रीन हा दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनचा. तेथे रेव्हरंड डॅनिएल जेन्किन्स यांनी १८९१ मध्ये कृष्णवर्णीय अनाथ मुलांसाठी आश्रम काढला आणि लोकांनी दिलेल्या जुन्या वाद्यांवर मुलांचा बँड उभा केला. हा बँड रस्त्यांवर वाजवून आश्रमासाठी वर्गणी गोळा करी. १८९५ मध्ये तो लंडनपर्यंत जाऊन आला. ग्रीन स्वतः आश्रमातला नव्हता, पण या बँडबरोबर तो फिरला होता. म्हणजे जगाला झोका शिकवणाऱ्या चौघांपैकी दोघांच्या मागे एक शाळा आणि एक अनाथाश्रम होता.

मेजर स्मिथ पुढे शिकागोला गेले. ‘शिकागो डिफेंडर’ हे वृत्तपत्र विकणाऱ्या पोरांचा बँड त्यांनी बसवला. लायनेल हॅम्प्टन त्यात ड्रम वाजवत होता. वेंडेल फिलिप्स हायस्कूलमधील त्यांच्या जागी १९३१ मध्ये वॉल्टर डायेट आले आणि काही वर्षांनी नव्या डुसेबल हायस्कूलमध्ये गेले. डायेट हे पूर्वी व्हेंडोम या चित्रपटगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. बोलपट आल्यावर पडद्यासमोरच्या वाद्यवृंदांची गरज संपली आणि शेकडो चांगले वादक बेकार झाले. गोऱ्यांच्या सिंफनी ऑर्केस्ट्रांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंदच होते. उरली शाळा. एरवी मोठ्या रंगमंचावर बसला असता असा माणूस यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढे उभा राहिला. वर्णभेदाच्या या विपरीत हिशेबाकडे डोळेझाक करून त्या शाळांचे कौतुक करणे योग्य होणार नाही. मुलांना उत्तम शिक्षक मिळाले, कारण त्या शिक्षकांना दुसरीकडे जागा नव्हती.

डायेट यांच्या एका डोळ्याला पट्टी असे. दुसऱ्या डोळ्याचा धाक मात्र साऱ्या शाळेला पुरे. सत्तर-ऐंशी वाद्यांच्या गदारोळात कोणी चुकीचा स्वर लावला हे ते थेट नाव घेऊन सांगत, असे त्यांचे विद्यार्थी म्हातारपणीही सांगत राहिले. त्यांनी दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या होत्या. मुख्य बँडमध्ये पाश्चात्त्य अभिजात रचना आणि संचलनगीते. नृत्यसंगीताचा बँड स्वतंत्र, आणि तेथे प्रवेश मिळवायचा तर आधी पहिल्या बँडमध्ये टिकून दाखवायचे. ‘हाय-जिंक्स’ नावाचा वार्षिक कार्यक्रम मुलेच बसवत आणि त्याच्या उत्पन्नातून वाद्ये येत. जॉनी ग्रिफिन या मुलाला टेनर सॅक्सोफोनचे वेड होते. शाळेत त्याला क्लॅरिनेट घोटावी लागली. १९४५ मध्ये शाळा सोडताच तो थेट हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात गेला, आणि तेही सॅक्सोफोन घेऊन. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन ॲमन्स, व्हॉन फ्रीमन, डोरोथी डोनेगन, रिचर्ड डेव्हिस, एडी हॅरिस ही डायेट यांच्या हाताखालून गेलेल्यांची अपुरी यादी. एखाद्या संगीत-अकादमीलाही तिचा हेवा वाटावा.

तिकडे लॉस एंजेलिसमध्ये जेफरसन हायस्कूलचे सॅम्युएल ब्राउन यांनी एक पाऊल पुढे टाकले. १९३६ पासून ते, स्वतः ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत, शिकवू लागले. बँड, गायनवृंद आणि संगीतशास्त्र यांच्या बरोबरीने त्यांनी स्विंग बँडला वर्गाचे स्थान दिले आणि गावात आलेल्या नामांकित वादकांना ते शाळेत बोलावून आणत. डेक्स्टर गॉर्डन, चिको हॅमिल्टन, फ्रँक मॉर्गन हे त्यांचे विद्यार्थी. त्या खोलीची ओढ किती होती याचा एक पुरावा मजेशीर आहे. डॉन चेरी हा मुलगा दुसऱ्या शाळेत होता आणि तेथील तास बुडवून जेफरसनच्या बँडमध्ये वाजवायला येत असे. गैरहजेरीबद्दल त्याला शिक्षा म्हणून शिस्त लावणाऱ्या शाळेत धाडण्यात आले. तेथे त्याला बिली हिगिन्स हा ड्रमवादक भेटला आणि पुढे दोघांनी ऑर्नेट कोलमनबरोबर जॅझचा चेहरामोहरा बदलून टाकला.

मुलींचे काय, हा प्रश्न या इतिहासाला विचारला पाहिजे. बहुतेक शाळांत ट्रम्पेट आणि ड्रम मुलांकडे आणि गाणे व पियानो मुलींकडे, अशीच वाटणी होती. मिसिसिपीतील पायनी वुड्स या निवासी शाळेत मात्र निधी गोळा करण्यासाठी १९३७ च्या सुमारास मुलींचाच स्विंग बँड तयार झाला. नाव ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’. मुली बसमध्येच झोपत, गावोगाव कार्यक्रम करत आणि पैसा शाळेकडे पाठवत. १९४१ मध्ये त्यांनी शाळेशी संबंध तोडला आणि स्वतंत्र व्यावसायिक वाद्यवृंद म्हणून उभ्या राहिल्या. १९४५ मध्ये युरोपातील अमेरिकन सैनिकांपुढे त्या वाजवून आल्या. शाळेसाठी पैसे मिळवणारी मुले कलावंत होतात तेव्हा ती कोणाची, संस्थेची की स्वतःची, हा प्रश्न जेन्किन्सच्या अनाथ मुलांपासून होता. तो पहिल्यांदा निकालात काढला तो मुलींनी.

या साऱ्याला एक समांतर कथा गोव्यात सापडते, आणि ती मराठी माणसाला अगदीच परकी नाही. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू एवढाच की चर्चमधील उपासनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. तेथेही मुलांच्या हाती प्रथम आली ती वाचनाची विद्या. तिच्या बळावर गोव्याचे वादक मुंबईला आले, आणि १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला तेव्हा स्विंग ऐकून तो उचलण्याची तयारी असलेले कान येथे होते. आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगच्या शैलीत ट्रम्पेट वाजवत आणि मुंबईत त्यांची ओळखही तशीच होती. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये स्विंगचा झोका हिंदी चित्रगीतात आणला, त्यामागे चिक चॉकलेट यांची साथ होती. चर्चच्या गुरुजींनी मुलांना प्रार्थनेसाठी शिकवलेले नोटेशन दादर आणि ताडदेवच्या स्टुडिओंत असे कामाला आले.

येथपर्यंत जे सांगितले ते मुलांना वाजवायला शिकवण्याविषयी. या संगीताचा इतिहास मुलांना सांगावा, ही कल्पना त्यापेक्षा बरीच उशिराची. १९२१ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित स्त्री-मासिकाने जॅझमुळे तरुण पिढी नीतिभ्रष्ट होते का, अशी चर्चा गंभीरपणे केली होती. १९४७ मध्ये नॉर्थ टेक्सास येथील महाविद्यालयाने या विषयाची पदवी सुरू केली तेव्हासुद्धा ‘जॅझ’ हा शब्द टाळून ‘डान्स बँड’ असे सोज्ज्वळ नाव घेतले. या पार्श्वभूमीवर कवी लँग्स्टन ह्यूज यांनी मुलांसाठी लिहिलेले ‘द फर्स्ट बुक ऑफ जॅझ’ हे १९५५ चे छोटे पुस्तक धाडसाचेच म्हटले पाहिजे. दोनच वर्षांपूर्वी सिनेटर मॅकार्थी यांच्या समितीपुढे त्यांची उलटतपासणी झाली होती. ह्यूज यांनी आर्मस्ट्राँगची जीवनकथा हाताशी धरली आणि तिच्या धाग्यात आफ्रिकेतील ढोल, शेतावरची श्रमगीते, ब्लूज, रॅगटाइम, स्विंग असे सर्व ओवले. आदल्या वर्षी फोकवेज कंपनीने त्यांच्याच आवाजातील निवेदन असलेली, मुलांसाठीची ध्वनिमुद्रिकाही काढली होती. पुस्तक वाचायचे आणि मग ऐकायचे, हा क्रम त्यांनी ओळखला होता, कारण कानाने ऐकल्याखेरीज या इतिहासाचा एक शब्दही उमगत नाही. मुलांना हा विषय शिकवणारे अनुभवी शिक्षक आजही प्रथम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायला लावतात, मग स्वरसमूह तोंडाने म्हणवून घेतात आणि सर्वांत शेवटी कागद दाखवतात. लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९६४ मध्ये आपल्या बालश्रोत्यांच्या दूरदर्शन-मैफलीत जॅझला स्थान दिले तेव्हा मात्र तो शब्द उच्चारताना कोणाला बिचकण्याचे कारण उरले नव्हते.

दुर्दैव असे की इतिहास शिकवण्यायोग्य ठरत असतानाच तो घडवणाऱ्या खोल्या बंद पडू लागल्या. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवल्या. न्याय्य आणि फार पूर्वी व्हायला हवा होता असाच तो निर्णय होता. पण दक्षिणेत त्याची अंमलबजावणी करताना विलीन झाल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि नोकऱ्या गेल्या त्याही त्यांच्याच शिक्षकांच्या, हजारोंच्या संख्येने. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मालमत्ता-करावर मर्यादा घालणारा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला आणि शाळांच्या खर्चावर कात्री चालली, ती प्रथम संगीतावर. १९८७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने जॅझ हा राष्ट्राचा मौल्यवान ठेवा असल्याचा ठराव केला तेव्हा जेथे तो ठेवा घडला त्या गरीब वस्त्यांतील अनेक शाळांत ट्रम्पेट उरलेला नव्हता. ठराव करायला पैसे लागत नाहीत.

१९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘जॅझ ॲट लिंकन सेंटर’ या संस्थेने विंटन मार्सालिस यांच्या नेतृत्वाखाली ड्यूक एलिंग्टन यांच्या रचना हायस्कूलच्या बँडना विनामूल्य पाठवायला आरंभ केला. काम सोपे नव्हते. एलिंग्टन यांचे कागद विस्कळीत आणि अपुरे. अनेक रचना जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकून स्वर-स्वर उतरवून घ्याव्या लागल्या. दर वर्षी होणाऱ्या स्पर्धेत मुले त्या वाजवतात. संपन्न उपनगरांतील शाळांना यात वरचढ ठरणे सोपे जाते हे खरे. तरी एलिंग्टन आता मुलांच्या हातात आहे, हेही खरे. पंधरा वर्षांच्या मुलाने जॉनी हॉजेसचा स्वर काढावा ही अपेक्षा कोणी करत नाही. हॉजेसने तो का लांबवला, हा प्रश्न त्याला पडावा एवढे पुरते.

या रचनांची मूळ हस्तलिखिते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. त्यांतील एक विशेष अभ्यासकांच्या लगेच ध्यानात आला. एलिंग्टन आपल्या वादकांचे कागद लिहिताना ‘पहिला आल्टो’ किंवा ‘तिसरा ट्रम्पेट’ असे वाद्यांचे मथळे क्वचितच देत. वर माणसाचे नाव असे, तेही बहुधा टोपणनाव, कारण तो स्वर त्या माणसासाठीच लिहिलेला असे. १९४४ नंतरच्या ट्रम्पेटच्या कागदांवर ‘कॅट’ असे एक नाव येते. हा विल्यम अँडरसन. लहानपणी आईवडील गेल्यावर तो चार्ल्सटनच्या जेन्किन्स आश्रमात आला, तेथील बँडमध्ये ट्रम्पेट शिकला, आणि मारामारीतल्या त्याच्या मांजरासारख्या पवित्र्यावरून आश्रमातल्या पोरांनीच त्याचे हे नाव पाडले होते.